अमोनियाचे दोन ठिपके

दोरी न लावता सरळ रेघ मारणारा माणूस म्हणून जागेश्वर पेंटर साकोली तालुक्यातल्या जुन्या दुकानदारांना अजून आठवतो. सानगडीच्या बाजारातल्या निम्म्या पाट्या एकेकाळी त्याच्याच हातच्या होत्या. दिवाळी झाली की नाटकाचे पडदे रंगवायला त्याला थेट लाखांदूरपासून बोलावणं यायचं. राजवाडा, जंगल, पोलीस ठाणं, जे पाहिजे ते तो दोन दिवसांत कापडावर उभं करून द्यायचा. मग फ्लेक्स आले. पाट्या छापून येऊ लागल्या, पाठोपाठ पडदेही छापून येऊ लागले, आणि चोपन्नाव्या वर्षी जागेश्वरकडे राहिल्या त्या शाळांच्या भिंती. बाराखडी, पाढे, भारताचा नकाशा, हात धुण्याच्या पायऱ्या. त्याला या कामाचा कंटाळा नव्हता. दुकानाची पाटी माणूस एकदा वाचतो आणि आत शिरतो. शाळेच्या भिंतीकडे लेकरू वर्षभर बघत बसतं, असं तो म्हणायचा.

त्या नोव्हेंबरात धानाची कापणी ऐन भरात असताना सानगडीच्या पुढच्या एका गावातल्या हायस्कुलातून त्याला निरोप आला. विज्ञानाच्या खोलीची मागची अख्खी भिंत रंगवायची होती. मुख्याध्यापक तेजराम सर, गाव त्यांना मोठे सर म्हणायचं, त्याला घेऊन खोलीत आले आणि भिंतीवर हात फिरवत म्हणाले, "सोमवारी शिक्षण विभागाचे साहेब येऊन राहिले. तवापर्यंत पुरं झालं पाहिजे. काय काढायचं ते तृप्ती मॅडम सांगतील. मी इतिहासाचा माणूस, मले या गोळ्यांतलं काही समजत नाही."

तृप्ती मॅडम लाखांदूरकडच्या. रोज दोन बस बदलून यायच्या. जूनमध्ये लागल्या होत्या, त्याही तासिकेवर. कायम कधी होतील याचा पत्ता नव्हता. वय असेल सव्वीस-सत्तावीस, म्हणजे जागेश्वरच्या मुलाएवढं, मनिषएवढंच. त्यांनी पर्समधून घडी घातलेला एक कागद काढून त्याच्या हातात दिला. कागदावर पेन्सिलीनं आठ चित्रं काढलेली होती. एकमेकांत थोडी शिरलेली वर्तुळं, मध्ये इंग्रजी अक्षरं, आणि वर्तुळांच्या काठाकाठानं बारीक ठिपके आणि फुल्या.

"या रेणूंच्या इलेक्ट्रॉन ठिपका संरचना आहेत," मॅडम म्हणाल्या. "वरच्या ओळीत चार, खालच्या ओळीत चार. जसं आहे तसंच मोठं करून काढायचं."

जागेश्वरनं कागद उलटसुलट करून पाहिला. हे ठिपके त्यानं पूर्वी पाहिले होते. दहावीला विज्ञानात तो दोनदा नापास झाला होता, आणि दोन्ही वेळेला पेपरात हे ठिपके होतेच. त्या वेळच्या मास्तरांनी सांगितलं होतं, ठिपके पाठ करा. त्यानं पाठ केले, पेपरात कुठला ठिपका कुठं ते विसरला, आणि शाळा तिथंच सुटली.

"मॅडम, एक म्हणू का जी?" तो म्हणाला. "मी जे काढून राहिलो ते मले समजलं, तं हात बरा चालते. नकाशा काढतो तं नदी कुठून निघते ते मी आधी विचारून घेतो."

मॅडमनी घड्याळ पाहिलं. मधली सुट्टी व्हायला वीस मिनिटं होती. त्यांनी खडू घेतला आणि फळ्यावर एक वर्तुळ काढलं.

"अणूच्या बाहेरच्या घरात आठ इलेक्ट्रॉन झाले की त्याला स्वस्थता येते, असं समजा. हायड्रोजन सगळ्यांत लहान, त्याचं दोनातच भागतं. पण स्वतःजवळ तेवढे नसतात. क्लोरीनजवळ सात असतात, ऑक्सिजनजवळ सहा, नायट्रोजनजवळ पाच, कार्बनजवळ चार. मग काय करायचं? दोन अणू शेजारी येतात, आणि दोघंही आपापले काही इलेक्ट्रॉन मध्ये ठेवतात. मध्ये ठेवलेले दोघांच्याही हिशेबात धरायचे."

जागेश्वरनं फळ्यावरच्या वर्तुळावर बोट ठेवलं. मग म्हणाला, "म्हंजे धानाच्या दोन बांध्यांमधला धुरा, मधला बांध. इकडचा म्हणते माझा, तिकडचा म्हणते माझा, आणि दोघंही खरंच बोलते."

मॅडम हसल्या. "हे मी उद्या वर्गात सांगते. धान लावणाऱ्या घरची पोरं आहेत, त्यांना लगेच कळेल."

"आणि हे ठिपके वेगळे, फुल्या वेगळ्या, हे कायले?"

"कुठला इलेक्ट्रॉन कोणाकडून आला ते ओळखायला. तसे सगळे सारखेच असतात. फरक आपल्या सोयीसाठी."

"मंग फुल्या काहून काढाव? मी रंगच वेगळे घेतो. हायड्रोजनचा पांढरा, नायट्रोजनचा पिवळा, ऑक्सिजनचा लाल. ज्याचा रंग त्याचा ठिपका. दुरूनही दिसते."

मॅडमना ती कल्पना इतकी आवडली की त्यांनी त्याला लगेच होकार दिला, क्लोरीन हिरवा आणि कार्बन नारंगी हेही तिथंच ठरलं.

गुरुवारी जागेश्वरनं भिंतीला गडद निळा हात मारला. शुक्रवारी वरची ओळ घेतली. मोठी वर्तुळं खिळा आणि सुतळीनं, आणि ठिपके बाटलीच्या बुचानं. बूच रंगात टेकवायचं आणि भिंतीवर अलगद दाबायचं, म्हणजे सगळे ठिपके एका मापाचे उठतात. पुढं वर्ग चालू असायचा आणि मागं त्याचं काम. पोरं वळून वळून बघायची. त्यांतली टीना नावाची एक दहावीतली मुलगी मधल्या सुट्टीत डबा घेऊन मागच्या बाकावरच येऊन बसली.

"काका, नायट्रोजन काढून राहिले का?"

"हो. पाय बरं, बरोबर हाये का."

टीनानं पोळीचा घास हातात ठेवूनच बोटानं मोजलं. "मध्ये सहा. या बाजूच्या नायट्रोजनचे तीन, त्या बाजूच्याचे तीन. आणि बाहेर दोन इकडे, दोन तिकडे. म्हंजे इकडच्याचे आठ झाले, तिकडच्याचेही आठ. बरोबर."

"आणि आपले स्वतःचे किती एकेकाचे?"

"पाच. तीन मधात दिले, दोन आपल्याजवळ."

जागेश्वरनं मान हलवली आणि बूच पुन्हा पिवळ्यात बुडवलं. पस्तीसेक वर्षांपूर्वी जे पाठ करून पेपरात विसरला होता, ते आता त्याला पाठ न करता येत होतं. कुणाला सांगण्यासारखी गोष्ट नव्हती ती. पण संध्याकाळी मोटरसायकलवरून साकोलीला परत येताना तो रस्ताभर मनातल्या मनात पाणी मोजत होता. ऑक्सिजनचे सहा, दोन हायड्रोजनचे दोन.

घरी पुष्पाबाई ओट्यावर सूप घेऊन लाखोळीची डाळ निवडत बसली होती. दिवसभर कापणीला जाऊन आलेली, तरी हात रिकामा ठेवणं तिला जमत नसे. जागेश्वर हातपाय धुऊन तिच्याजवळ येऊन बसला आणि दुसऱ्या दिवशीचं काम पाहून ठेवावं म्हणून त्यानं खिशातला कागद उघडला. शनिवारी खालची ओळ करायची होती. पाणी, अमोनिया, मिथेन, कार्बन डायऑक्साइड.

पाणी बरोबर होतं. अमोनियावर त्याची नजर अडली. मध्ये नायट्रोजन, भोवती तीन हायड्रोजन. प्रत्येक हायड्रोजनबरोबर एक जोडी, एक फुली आणि एक ठिपका. तीन जोड्या. बाकी काही नाही.

त्यानं पुन्हा मोजलं. मग पुष्पाबाईच्या सुपातून लाखोळीचे दाणे उचलले, शेजारच्या वाटीतून थोडे तांदूळ घेतले आणि ओट्यावर मांडायला लागला.

"काय करून राहिले जी? निवडलेली डाळ हाये ते," पुष्पाबाई म्हणाली.

"देतो तुले परत. हे पाय. हा नायट्रोजन. याच्याजवळ पाच दाणे असते, आज मी सोता भिंतीवर काढले. आता याच्याजवळ तीन हायड्रोजन आले. एकेक तांदूळ घेऊन आले. याने एकेकासंग एक दाणा ठेवला. किती झाले दाणे?"

"तीन."

"आणि होते किती?"

"पाच म्हणता ना तुमी."

"मंग कागदावर तीनच हाये."

पुष्पाबाईनं सूप खाली ठेवलं, वाकून कागद पाहिला, मग ओट्यावरचे दाणे पाहिले. ती चौथीपर्यंत शिकलेली. पण डाळीतले खडे वेचणाऱ्या माणसाला तीन आणि पाच यांतला फरक दाखवावा लागत नाही.

"दोन काय उंदरानं नेले?" ती म्हणाली.

"तेच तं म्हणतो मी."

"मॅडमनं काढलं हे?"

"हो."

"मंग असंन काही तिकडचं गणित. तुमी दहावी नापास, त्या एवढ्या शिकलेल्या."

तिचं म्हणणं त्यालाही पटण्यासारखं होतं. कदाचित हायड्रोजन भेटल्यावर नायट्रोजनचे दोन कुठं जात असतील, कुणी सांगावं? पण पाण्यात तर ऑक्सिजनचे उरलेले चार तसेच काठावर बसवलेले होते. पाण्याला एक नियम आणि अमोनियाला दुसरा, हे काही त्याच्या मनाला येईना. त्यानं दाणे परत सुपात टाकले, तांदूळ वाटीत टाकले, आणि सकाळी मॅडमलाच विचारावं असं ठरवलं.

शनिवारी शाळा सकाळची. जागेश्वर साडेसातला पोहोचला, तर मॅडम नव्हत्या. त्या भंडाऱ्याला प्रशिक्षणाला गेल्या होत्या, शनिवार-रविवार दोन्ही दिवस. मोठे सर व्हरांड्यात खुर्ची टाकून हजेरी बघत होते.

"मॅडमशी काम होतं थोडं," जागेश्वर म्हणाला.

"कायचं काम? कागद तं दिला ना त्याईनं."

"हो, दिला."

"मंग कागदावर हाये तसं काढा आणि मोकळे व्हा. सोमवारी अकरा वाजता साहेब येतील, ते पहिले हीच खोली पाहणार हाये." मोठ्या सरांनी आवाज थोडा खाली आणला. "मॅडमचंही त्याच्यातच हाये. नवीन हाये त्या. मार्चनंतर ठेवायचं का नाही, ते साहेबाच्या मतावर हाये. भिंत चांगली दिसली तं त्याईचंच भलं."

जागेश्वर 'हो जी' म्हणून खोलीत आला. मॅडमचा नंबर त्याच्याजवळ नव्हता. मागायचा तर मोठ्या सरांकडेच मागावा लागला असता, आणि ते विचारणार, कशाला. सांगावं तर मॅडमच्या कागदात चूक आहे असं एक पेंटर मुख्याध्यापकाला सांगणार, तेही साहेब यायच्या दोन दिवस आधी. आणि चूक नसलीच तर? तर मग आपलंच हसू. पण असली तर, हे त्याला जास्त जड वाटत होतं.

त्यानं पाणी काढलं. मिथेन काढलं, कार्बनचे चार नारंगी, हायड्रोजनचे चार पांढरे, आठ झाले. कार्बन डायऑक्साइड काढलं. त्यात वेळ गेला, पण तेही बरोबर मोजून झालं. अमोनियाच्या जागेवर त्यानं चार वर्तुळं काढली, तीन जोड्या बसवल्या, आणि वरच्या बाजूला हात नेऊन थांबला. दोन ठिपके लावले तर कागदाविरुद्ध होणार. न लावता चित्र पुरं म्हणून सोडलं तर खोटं होणार, निदान त्याच्या हिशेबानं. भिंतीवरचा रंग काही फळ्यावरचा खडू नव्हे. पुढच्या पाच-सात वर्षांची पोरं इथं बसून हेच बघणार.

त्यानं बूच पुसून पिशवीत टाकलं आणि अमोनियाच्या खालचं नावही लिहायचं ठेवून दिलं.

साडेअकराला शाळा सुटली तेव्हा मोठे सर खोलीत डोकावले. सात चित्रांखाली नावं होती, आठव्याखाली नव्हतं.

"हे काहून राहिलं?"

"पिवळा रंग सरला जी," जागेश्वर म्हणाला. "सोमवारी सकाळी लवकर येतो. साहेबाच्या आधी करून देतो."

"सोमवारी साहेब यायच्या टायमाले ओला रंग ठेवता का? आजच आटपा म्हणलं होतं ना तुमाले. एवढी वर्षं काम करून राहिले, रंग किती लागते ते समजत नाही?"

"चुकलं जी."

मोठे सर आणखी थोडं बोलले. जागेश्वरनं ऐकून घेतलं. पस्तीस वर्षांच्या धंद्यात त्याला रंगाचा अंदाज कधी चुकला नव्हता, आणि असं बोलणंही कुणी त्याला कधी बोललं नव्हतं. दर पौर्णिमेला विहारात तो पंचशील म्हणायचा, खोटं बोलणार नाही हेही त्यातच होतं. घरी जाताना त्याला त्याचं वाईट वाटत राहिलं. पण दुसरं काही सुचलं नव्हतं, आणि नंतर विचार करूनही सुचलं नाही.

रविवार कापलेल्या धानाच्या कडपा बांधण्यात गेला. पुष्पाबाईनं दुपारी शेतात भाकर सोडताना विचारलं, "ते दोन दाणे सापडले का?"

"उद्या सापडन."

सोमवारी तो पावणेनऊलाच शाळेत पोहोचला. सव्वानऊला बस आली आणि तृप्ती मॅडम उतरून घाईघाईनं खोलीकडे आल्या. भिंत पाहून त्या दारातच थांबल्या. निळ्या रंगावर लाल, पिवळे, पांढरे, नारंगी ठिपके सकाळच्या उजेडात दिव्यांसारखे दिसत होते. मग त्यांची नजर नाव नसलेल्या चित्रावर गेली.

"हे राहिलं का काका?"

"हो. मॅडम, मले एक समजावून सांगा. तवाच ते पुरं करतो." त्यानं फळ्याजवळचा खडू उचलून त्यांच्या हातात दिला. "हे अमोनिया कसं बनते, ते पहिल्यापासून सांगा. मले नायट्रोजनपर्यंत समजलं. पुढचं नाही समजलं."

घाई होती तरी मॅडम फळ्याकडे वळल्या. शिकवायला लागल्या की त्या घाई विसरायच्या, हे जागेश्वरनं तीन दिवसांत पाहिलं होतं.

"नायट्रोजनजवळ पाच इलेक्ट्रॉन." त्यांनी पाच फुल्या काढल्या. "आठ व्हायला हवेत, म्हणजे कमी किती? तीन. म्हणून तीन हायड्रोजन लागतात. प्रत्येक हायड्रोजन एक इलेक्ट्रॉन आणतो. ही एक जोडी, ही दुसरी, ही तिसरी. तीन जोड्यांचे सहा. आणि नायट्रोजनचे..."

खडू फळ्यावर टेकलेला राहिला. मॅडम फळ्याकडे बघत होत्या, आणि फळ्यावर दोन फुल्या कुठल्याही जोडीत न गेलेल्या, तशाच उभ्या होत्या. त्यांनी मागं वळून भिंतीकडे पाहिलं. मग जागेश्वरकडे.

"कागद आहे का तुमच्याजवळ?"

त्यानं दिला. त्यांनी तो उघडला आणि अमोनियाच्या फुल्या मोजल्या.

"बसमध्ये काढला होता मी हा," त्या म्हणाल्या. आवाज अगदी लहान झाला होता. "दिघोरीच्या आधी रस्ता खराब आहे. तिथं पेन्सिल थांबवली, आणि नंतर पुढचं चित्र घेतलं असेल." मग त्यांनी विचारलं, "मोठ्या सरांना सांगितलं तुम्ही?"

"नाही. रंग सरला म्हणून सांगितलं."

मॅडमनी मान खाली घातली. त्यांच्या चेहऱ्यावर काय आहे ते पाहायला नको म्हणून जागेश्वर पिशवीतून बूच आणि ब्रश काढायला लागला.

"आता लावा दोन ठिपके," त्या म्हणाल्या. "वरच्या बाजूला, शेजारी शेजारी. अकरापर्यंत वाळेल ना?"

"वाळन. पंखा लावतो."

तो पिवळ्या डब्याचं झाकण उघडत होता तेवढ्यात मॅडम पुन्हा बोलल्या. "थांबा काका." त्या बाकावर बसल्या. "गेल्या आठवड्यात मी हाच कागद बघून वर्गात फळ्यावर काढलं होतं. बत्तीस मुलांच्या वह्यांत तीन जोड्यांचं अमोनिया आहे. कुणी विचारलं नाही. मला वाटलं सगळ्यांना समजलं."

"भिंत तं सुधरून जाते," जागेश्वर म्हणाला. "आणि वह्या?"

"वह्याही सुधारता येतील. पण सांगावं लागेल."

बाहेर पोरं यायला लागली होती. मॅडम उठल्या, तोंडावर पाणी मारून आल्या आणि पहिल्याच तासाला दहावीचा वर्ग विज्ञानाच्या खोलीत बोलावला. त्या दिवशी पहिला तास मराठीचा होता. पण मराठीचे सर कापणीसाठी रजेवर होते, त्यामुळे कुणी हरकत घेतली नाही.

"वह्या काढा," त्या म्हणाल्या. "अमोनियाची आकृती उघडा. नायट्रोजनच्या भोवतीचे इलेक्ट्रॉन मोजा."

वर्गात पुटपुट सुरू झाली. सहा, सहा, कुणी आठही म्हणालं, कारण आठ यायला हवेत हे त्याला माहीत होतं. टीनानं आधी वहीतले ठिपके मोजले, मग मागं वळून भिंतीवरचा नायट्रोजनचा रेणू पाहिला, आणि हात वर केला.

"मॅडम, दोन कमी आहे. वरच्या ओळीत त्याचे पाच आहे, इथं तीनच आहे."

"बरोबर. ही चूक माझी आहे. मी घाईत आकृती काढली आणि तीच तुम्हाला दिली. जागेश्वरकाकांनी ती पकडली. त्यांनी एकेक ठिपका मोजून पाहिला. आपण कुणीच मोजला नव्हता, मीही नाही." त्यांनी मागच्या भिंतीकडे पाहिलं. "काका, आता लावा."

बत्तीस पोरं बाकांवर उलटी फिरून बसली. जागेश्वरला इतक्या डोळ्यांपुढं काम करायची सवय नव्हती. नाटकाचा पडदासुद्धा तो मांडवात कुणी नसताना रंगवायचा. त्यानं बूच पिवळ्यात बुडवलं, जास्तीचा रंग डब्याच्या काठाला पुसला आणि नायट्रोजनच्या वर एक ठिपका दाबला. मग त्याच्या शेजारी दुसरा. हात हलला नाही. खालच्या रिकाम्या पट्टीवर त्यानं ब्रशनं 'अमोनिया' लिहिलं. पोरांनी आपापल्या वह्यांत दोन-दोन ठिपके लावले. थोडा वेळ खोलीत पेन्सिलींचा आवाज होता आणि पंख्याचा.

दारात मोठे सर उभे होते. ते कधी आले आणि त्यांनी किती ऐकलं, हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. मॅडमना दिसले तेव्हा त्या थोड्या पांढऱ्या पडल्या, पण खडू त्यांनी खाली ठेवला नाही. मोठे सर तसेच निघून गेले.

साहेब अकराऐवजी साडेबाराला आले. त्यांनी पोषण आहाराची खोली पाहिली, हजेरीपट पाहिला, नळाला पाणी येतं का ते पाहिलं. विज्ञानाच्या खोलीत ते दोन मिनिटं थांबले. "रंगसंगती छान आहे," म्हणाले, भिंतीसमोर उभं राहून एक फोटो काढून घेतला, त्यात नेमकं अमोनियाच त्यांच्या डोक्यामागं झाकलं गेलं, आणि त्यांना पुढं आणखी एका शाळेत जायचं होतं म्हणून ते चहा न घेताच गेले.

जागेश्वर व्हरांड्यात ब्रश धूत बसला होता. मोठे सर येऊन शेजारच्या पायरीवर बसले. एवढं जवळ ते शाळेत कुणाच्या बसत नसत.

"शनिवारी तुमचा पिवळा डबा खिडकीत होता," ते म्हणाले. "तुमी गेल्यावर मी उचलून पाहिला. अर्ध्याच्या वर भरला होता."

जागेश्वरचा हात पाण्यात थांबला. "खोटं बोललो जी मी."

"हो. तवा मले राग आला होता. काम टाळून राहिला म्हटलं. मी शनिवारी बोललो ते मनावर घेऊ नका."

"मॅडमचं काय जी?"

मोठ्या सरांनी अंगणात धावणाऱ्या पोरांकडे पाहिलं. "बत्तीस वर्षं शिकवून राहिलो मी. सनावळीत किती चुकलो असन, मोजलं नाही. पण वर्गापुढं उभं राहून माझं चुकलं, असं एक डाव म्हटल्याचं मले आठवत नाही. मार्चमध्ये मले मत लिहायचं हाये साहेबाकडे. मी लिहिन बरोबर."

एवढं बोलून ते उठले आणि घंटा द्यायला सांगायला गेले. त्यांनी मार्चमध्ये खरंच लिहिलं, आणि मॅडमची तासिका पुढच्या वर्षीही राहिली. कायम होण्याचा कागद मात्र अजून आलेला नाही.

निघताना मॅडम फाटकापर्यंत आल्या. आभार मानायचे होते, पण कसे ते त्यांना सुचत नव्हतं. शेवटी त्यांनी विचारलं, "तुम्हाला दहावीची परीक्षा परत द्यायची आहे का काका? बाहेरून देता येते. विज्ञान मी शिकवीन."

"या वयात पेपर कुठं लिहू जी," जागेश्वर म्हणाला. पण मोटरसायकलला किक मारता मारता तो थांबला. "वर्गात मागं बसलो तं चालन का? कधी या बाजूनं काम निघालं तं."

"चालेल. बुधवारी कार्बनचा धडा सुरू करते."

संध्याकाळी ओट्यावर त्यानं पुष्पाबाईला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग स्वतःच सुपातले दाणे आणि तांदूळ घेऊन मांडायला लागली, तीन जोड्या तीन बाजूंना, आणि उरलेले दोन दाणे वरच्या बाजूला.

"एक सांगा," ती म्हणाली. "हे तीन त्यानं दुसऱ्यासंग ठेवले, ते समजलं. पण हे दोन तं कोणासंगच नाही. मंग हे करते काय?"

जागेश्वरनं दाण्यांकडे पाहिलं.

"बुधवारी विचारतो," तो म्हणाला.